एकशे अठराव्या ओळीच्या पोटात

मला हळू माणसांचा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. सिग्नल हिरवा झाल्यावरही पुढचा रिक्षावाला तंबाखू मळत बसला की माझं डोकं सरकतं. आणि माझं नशीब असं की गेली आठ वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर वंदनाताई भोयर बसतात. त्यांच्याइतकं सावकाश काम करणारं माणूस अख्ख्या प्रताप नगरात शोधून सापडायचं नाही.

दातांच्या एका दवाखान्याच्या वर आमची कंपनी आहे. कंपनी हा शब्द जरा जास्तच झाला. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, मी म्हणजे सौरव, आणि ताई. छोट्या कारखान्यांतली यंत्रं चालवणारे प्रोग्राम आम्ही लिहितो, कुठे भट्टीचं तापमान सांभाळणारे, कुठे पॅकिंगचा पट्टा हलवणारे. लिहितो म्हणजे मी लिहितो. ताई ते तपासतात.

ताई उमरेडच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. लग्न होऊन नागपुरात आल्या तेव्हा पदरात बारावी आणि मराठी टायपिंगची परीक्षा होती. नवरा, रुपराव, बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत पहिल्या पाळीला जायचे. ताईंनी डेटा एन्ट्रीचं काम धरलं. एका लांब खोलीत वीस बाया ओळीनं बसायच्या आणि दिवसभर कागदावरचे आकडे कॉम्प्युटरात भरायच्या. तिथे एकदा परीक्षेच्या निकालाची अख्खी यादी चुकली. कुठेतरी एक आकडा सरकला आणि खालच्या सगळ्या पोरांचे मार्क एकेक घर खाली गेले. ठेकेदारानं एवढंच विचारलं, की या कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं? ताई बसल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून त्यांना सांगण्यात आलं. चूक त्यांच्या बोटाची होती की प्रोग्रामची, हे कोणी पाहिलंच नाही.

"माही असती तरी चाललं असतं," ताई एकदा डबा खाताना म्हणाल्या होत्या, "पण कळाले तं पायजे होतं ना भाऊ." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे लोणचं मागितलं. या गोष्टीला पंचवीसेक वर्षं झाली होती आणि तरी ती त्यांच्या घशात अडकलेली होती, हे मला तेव्हाही दिसलं. मी लोणचं पुढे सरकवलं आणि विषय बदलला.

माझ्याकडे त्या आल्या त्या माहितीपुस्तिका मराठीत टाइप करायला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमी हे जे इंग्रजीत लिहून राहिले, हे मशीन असंच वाचते का?" मी खुशीत होतो, म्हणून समजावून सांगितलं. मी लिहितो ते माणसाला वाचता येईल असं असतं. त्याचं भाषांतर करणारा एक प्रोग्राम असतो, तो माझ्या एकेका ओळीच्या बारीक बारीक सूचना करतो. हा घे, तो ठेव, दोघांचा भागाकार कर. या सूचनांना बाइटकोड म्हणतात. आणि त्या वाचून एकेक करत पाळणारं जे यंत्र असतं, ते लोखंडाचं नसतं, तोही एक प्रोग्रामच असतो. म्हणून त्याचं नाव व्हर्च्युअल मशीन. कॉम्प्युटर कोणताही असो, त्यावर हे मशीन बसवलं की त्याच सूचना तिथेही चालतात. दहा मिनिटांत सांगून मी मोकळा झालो. ताई मोकळ्या झाल्या नाहीत. त्यांनी त्या सूचना पाहायला मागितल्या. मी चेष्टेनं अकरा पानं छापून दिली, तर त्यांनी ती पिशवीत घालून घरी नेली.

त्यानंतर ताईंची पद्धत तयार झाली, आणि ती पाहूनच मला पहिल्यांदा घाम फुटला. आमच्याकडे पाचशे व्हिजिटिंग कार्डं पडून होती, कारण छापणाऱ्यानं फोन नंबरातला एक आकडा खाल्ला होता. ताई त्या कार्डांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं किंमत लिहितात आणि स्वतः मशीन होतात. व्हर्च्युअल मशीनच्या हातात एक गड्डी असते. नवी गोष्ट आली की ती गड्डीच्या वर ठेवायची, आणि उचलायची तीही वरूनच. मधलं ओढायचं नाही. ताई छापलेली सूचना मोठ्यानं वाचतात, टेबलावर कार्ड ठेवतात, दोन उचलतात, भागाकार करून तिसरं ठेवतात. मशीन जे एका क्षणात करतं त्याला ताईंना पाऊण तास लागतो. खालच्या दवाखान्यात दात काढून घ्यायला आलेली माणसं जिन्यात उभी राहून हे पाहतात आणि मला लाज वाटते. या आठ वर्षांत ताईंनी माझ्या किती चुका पकडल्या ते मात्र मी मोजलेलं नाही.

यंदाच्या जानेवारीत भिवापूरचं काम झालं. तिथे मिरची पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची एक संस्था आहे. मिरची काट्यावर मोजायची, धुवायची, ड्रायरमध्ये गरम हवेवर वाळवायची आणि पाकिटात भरायची, असा तिचा कारखाना. काट्यावर एकोणीस वर्षं सुभद्राबाई बसतात. त्यांनी मोजलेलं पोतं पुन्हा मोजून कोणी मागत नाही, असं संस्थेचे सचिव भैयाजी मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते. पण त्यांचे हात दिवसभर मिरचीत. तशा हातानं स्क्रीनला बोट लावलं तर पुढचा माणूस डोळे चोळत घरी जाईल. म्हणून मी डोकं लढवलं आणि त्यांना बोलून नोंद करायची सोय दिली. बाईंनी पोत्याचा क्रमांक आणि वजन तोंडानं म्हणायचं, प्रोग्राम ते ऐकून लिहून घेईल. या सोयीवर मी भलताच खूश होतो. चाचणीचे तीनही दिवस मी स्वतः काट्यापाशी उभा राहून बोललो आणि सगळं सुरळीत चाललं.

बुधवारी सुभद्राबाई पहिल्यांदा बोलल्या. चौदा पोती झाली. त्यांनी कोपरानं हिरवं बटण दाबलं आणि ड्रायर जागच्या जागी बंद पडला. स्क्रीनवर उमटलं: चूक, ओळ ११८, ऑपरेटर सुभद्रा.

भैयाजींचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच एका कामात गळ्यापर्यंत बुडालेलो होतो. ओळ एकशे अठरा उघडून पाहिली. साधी सरळ ओळ. यादीतल्या पहिल्या पोत्याचा क्रमांक घ्यायचा, त्यावरून ट्रे ठरवायचा आणि पोत्यांचं सरासरी वजन त्या ट्रेच्या खात्यात टाकायचं. त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. मी दोन ओळींची मेल टाकली: प्रोग्राममध्ये दोष आढळला नाही, चूक वापरताना झाली असावी.

त्यातला 'असावी' हा शब्द मी स्वतःच्या सोयीसाठी घातला होता. भैयाजींनी तो वाचला नाही. त्यांनी मेल संस्थेच्या फळ्यावर लावली, सुभद्राबाईंना काट्यावरून उठवलं, आणि शुक्रवारी दुपारी तीनच्या बैठकीत त्यांच्या जागी दुसरं माणूस नेमायचं ठरलं. हे त्यांनी मला गुरुवारी संध्याकाळी आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं. तुमचं मशीन आता शिकलेल्या माणसाच्या हातात जाईल, काळजी करू नका.

शुक्रवारी सकाळी चहा पिताना मी हे ताईंना सांगितलं. गप्पांच्या ओघात, सहज. ताईंनी कप खाली ठेवला.

"काहून उठवलं त्या बाईले?"

"बटण त्यांनी दाबलं ना ताई."

"बटण दाबाले तं ठेवलंच होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण माझ्याकडे पाहण्याची तऱ्हा बदलली होती. "तुमी त्या ओळीच्या पोटात पाह्यलं का?"

मी म्हणालो, की पाहिलं, आणि त्यात कुठेही मी थ्रो लिहिलेलं नाही. इथे एक खुलासा करायला हवा. प्रोग्राम चालता चालता मध्येच अडतो आणि 'हे माझ्याच्यानं होत नाही' म्हणून हात वर करतो, त्याला एक्सेप्शन म्हणतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याला वाटलं तर तो थ्रो असा शब्द लिहून मुद्दाम हात वर करायला लावू शकतो. माझं म्हणणं असं होतं, की मी तो शब्द लिहिलाच नाही, तर माझ्या ओळीतून एक्सेप्शन येईलच कसं?

"तुमी नाही लिहिलं म्हणून काय झालं," ताई म्हणाल्या. "सूचना आपल्या आपणच बोंब मारते. भागाकाराची सूचना हाय, खाली शून्य आलं तं थे तुमाले विचाराले येते का?"

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलेलं होतं, मुलाखतींत फडाफडा सांगितलेलं होतं. पण स्वतःच्या ओळीकडे पाहताना ते कधी आठवलं नव्हतं. ताईंनी एकशे अठराव्या ओळीचा बाइटकोड छापला, चष्मा पुसला आणि कार्डांचा गठ्ठा काढला. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

एका ओळीच्या पोटातून तेरा सूचना निघाल्या. ताईंनी प्रत्येकीसमोर खूण केली. नुसतं उचलून गड्डीवर ठेवणाऱ्या सूचना निरुपद्रवी, वजाबाकीही निरुपद्रवी. पण सहा जणी अशा होत्या की त्या हात वर करू शकत होत्या. यादीतून पहिली वस्तू मागणारी, कारण यादीच नसली किंवा रिकामी असली तर ती काय देणार? भागाकार करणारी. ट्रेच्या खात्यात आकडा ठेवणारी, कारण दहा कप्पे असताना अकराव्यात ठेवायला सांगितलं तर ती अडणार. स्क्रीननं आम्हाला नुसता ओळीचा नंबर दिला होता, सहांतली कोण ओरडली ते दिलं नव्हतं. आणि तो दोषही माझाच. मशीननं पूर्ण कारण सांगितलं होतं, पण स्क्रीनवर गर्दी नको म्हणून मी ते गाळून फक्त ओळ आणि ऑपरेटरचं नाव दाखवलं होतं.

ताई मशीन झाल्या. मी चाचणीत वापरलेले आकडे दिले, त्यांनी कार्डांवर लिहिले. एक, दोन, तीन. पाऊण तासात तेराही सूचना बिनबोभाट पार पडल्या.

"पाहा," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

"हे तुमचे आकडे झाले. बाईचे आणा."

मी भैयाजींना फोन करून बुधवारच्या नोंदींची फाइल मागितली. ते कुरकुरले. बैठक तीनला, आता कशाला कोळसा उगाळता, म्हणाले. फाइल यायला पावणेदोन वाजले. ताईंनी डबा उघडलासुद्धा नव्हता. त्यांनी फाइलमधली पोती पाहत पाहत चौदा कार्डं लिहिली, यादी मांडली, आणि पुन्हा पहिल्या सूचनेपासून सुरुवात केली. ट्रेचं खातं गड्डीवर. यादी गड्डीवर. शून्य, म्हणजे पहिली जागा. चौथी सूचना, पहिली वस्तू दे. यादी होती, रिकामी नव्हती, वस्तू मिळाली. ताईंनी पहिलं कार्ड उचलून गड्डीवर ठेवलं.

पाचवी सूचना मी लिहिलेलीच नव्हती. ती भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामनं आपणहून घातली होती. यादीतून आलेली वस्तू खरोखर अंक आहे का ते तपास, असा तिचा अर्थ. ताईंनी कार्डाकडे पाहिलं, "अंक हाय" म्हणाल्या आणि सहाव्या सूचनेकडे वळल्या.

मी पलीकडून वाकून पाहत होतो. कार्डावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: लाभ.

"ताई, हे काय आहे?"

"काय?"

"लाभ. लाभ म्हणजे काय?"

"पहिलं पोतं," ताई म्हणाल्या. मला इतकंही कसं कळत नाही, अशा सुरात. "धान्य मोजताना पहिल्या मापाले एक नाही म्हणत. लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. आमच्या घरी माहे बाबा तसेच मोजत, सारेच मोजतात."

"पण ताई, तो अंक नाहीये."

कार्ड हातात घेऊन त्यांनी डोळ्यांजवळ नेलं. मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि एवढ्या मोठ्यानं हसल्या की जिन्यातल्या पेशंटनं डोकावून पाहिलं.

"बाप्पा! म्या सोतानं लिहिलं अन् मलेच नाही दिसलं."

झालं होतं ते असं. ऐकणारा प्रोग्राम दोन, तीन, चार हे शब्द ओळखून त्यांचे अंक करत होता. जो शब्द अंक म्हणून ओळखता येत नाही तो जसाच्या तसा, अक्षरांत, यादीत टाकत होता. यादी माझी, पण तिच्यात भरणारा हा ऐकणारा भाग बाहेरून तयार घेतलेला, आणि तो काय भरतो यावर मी पहारा ठेवलेला नव्हता. म्हणून 'लाभ' मुकाट्यानं आत जाऊन बसला. सुभद्राबाई बोलल्या तेव्हा काहीच झालं नाही. त्यानंतर तेरा पोती झाली तरी काही झालं नाही. यादीतून पहिली वस्तू बाहेर काढायची वेळ आली, ती हिरवं बटण दाबल्यावर, आणि तेव्हा पाचव्या सूचनेनं अंक म्हणून हात पुढे केला तर हातात अक्षरं आली. तिनं बोंब मारली. चूक आत शिरली एकीकडे आणि ओरड झाली भलतीकडे, आणि ओरड झाली तेव्हा बटणावर त्या बाईचं कोपर होतं. मी प्रताप नगरात वाढलेला माणूस. दुकानातून दहा किलो गहू आणणारा. मी काट्यापाशी उभा राहून तीन दिवस 'एक, दोन, तीन' म्हणत होतो, आणि तिथल्या एकानंही मला टोकलं नव्हतं. शहरातल्या माणसाला समजत नाही, म्हणून सोडून दिलं असेल.

"आता पुढं पाहू," ताई म्हणाल्या.

"पुढं काय राह्यलं ताई?"

"बोंब मारल्यावर मशीननं काय केलं थे नको पाहाले? भट्टी चालू राह्यली असती मंग?"

ड्रायरमधली हवा तापवणारी भट्टी. पट्टा थांबला आणि भट्टी तशीच चालू राहिली तर आतली मिरची करपते, धूर होतो, आणि मिरचीच्या धुरात चार बाया उभ्या असतात. दोन दिवसांत हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. भैयाजींनी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी सांगितलं नाही म्हणजे झालं नाही असं थोडंच असतं?

ताईंनी सावकाश पुढचं पान लावलं. एक्सेप्शन आलं की मशीन त्या कामाच्या मागे लावलेला तक्ता पाहतं. कोणत्या सूचनेपासून कोणत्या सूचनेपर्यंत काही बिघडलं तर कुठे जायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. या कामाच्या तक्त्यात पाचव्या सूचनेसाठी काहीच नव्हतं. मग मशीन ती गड्डी तशीच टाकून देतं आणि ज्यानं हे काम सांगितलं होतं त्याच्याकडे परत जातं. ताईंनी गड्डी उचलून रद्दीच्या डब्यात टाकली. वरच्या कामाचा तक्ता काढला, बोट ठेवून खाली खाली आल्या.

"हाय," त्या म्हणाल्या. "हे पाहा, बोट ठेवलं हाय म्या. काही बी बिघडलं तं आधी भट्टी बंद, मंग वर कळवायचं. हे तुमीच लिहिलं होतं ना भाऊ? चांगलं केलं."

मी खुर्चीत बसलो. ते मी चार महिन्यांपूर्वी लिहिलं होतं, ताईंनीच मागे लागून लिहायला लावलं होतं, आणि मी साफ विसरलो होतो. भट्टी बंद झाली होती. मिरची ओलीच राहिली असेल, बायांनी अंगणात उन्हात पसरली असेल, पण करपली नव्हती आणि कोणाच्या डोळ्यांत धूर गेला नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की ताईंच्या डब्यातली अर्धी भाकर मी न विचारता खाल्ली.

अडीच वाजले होते. आता फोन करायचा होता, आणि तो मलाच करायचा होता. संस्थेचं काम हातचं जाईल ही भीती मनात आली, खोटं कशाला बोलू? दुसरी मेल टाकू, 'तांत्रिक सुधारणा केली आहे' असं काहीतरी गुळमुळीत लिहू, असंही मनात आलं. ताई मशीन व्हायच्या थांबल्या होत्या आणि नुसत्या माझ्याकडे पाहत होत्या. एका बाईला काट्यावरून उठवायला माझ्या दोन ओळी पुरल्या होत्या. मी फोन लावला.

"भैयाजी, ती मेल फळ्यावरून काढा. चूक प्रोग्रामची आहे. माझी आहे."

"म्हंजे?"

मी जमेल तसं सांगितलं. सूचना, तक्ता वगैरे गाळलं. बाई लाभ म्हणाल्या आणि माझ्या प्रोग्रामला लाभ कळला नाही, एवढंच सांगितलं. मग भैयाजी कडाडले.

"काहून गा सौरव! पहिल्या पोत्याले एक कोण म्हणते? म्या बी लाभच म्हणतो! उद्या मले बी उठवशीन काय?"

"नाही भैयाजी. संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देतो. लाभ म्हटलं की तो पहिला क्रमांक समजेल. आणि दुसरा काही शब्द आला तर तिथल्या तिथे विचारेल, आत घेणार नाही."

"थे कर तू. पण आधी हे तिलेच सांग. थे इथंच हाय. दोन दिसांपासून फाटकापाशी येऊन बसते, जा म्हटलं तरी जात नाही."

पावलांचा आवाज आला, कुठेतरी ट्रॅक्टर घरघरत होता. मग एक दमलेला, खालच्या पट्टीतला आवाज आला. "बोला जी."

"सुभद्राबाई, मी नागपूरवरून सौरव बोलतो. मशीन बंद पडलं ते तुमच्यामुळे नाही. चूक माझी होती. तुम्ही जे बोललात ते बरोबर बोललात."

"खरंच?"

"खरंच. आम्ही सकाळपासून तपासलं."

"मले वाटलं माह्या कोपरानं दुसरंच काही दाबलं," त्या म्हणाल्या. "दोन दिस म्या तेच आठवून राहिली. रातच्याले झोप नाही. एकोणीस वर्सं झाले जी, अन् आता लोक म्हणून राहिले का बाईचा हात बिघडला." त्यांचा आवाज कापला. मी पुन्हा म्हणालो, की तुमच्या हातानं काहीच बिघडलं नाही. पुन्हा म्हणताना माझ्याच डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि त्याचाही मला राग आला.

"थांबा जी एक मिनिट." तिकडे खुडबुड झाली. कोणाला तरी त्यांनी काहीतरी विचारलं, बायकांची कुजबुज जवळ आली, आणि आवाज एकदम मोकळा, घुमल्यासारखा येऊ लागला. "स्पीकर लावला हाय. इथं साऱ्या जमल्या हाय, भैयाजी बी हाय. आता पुन्यांदा सांगा. जोरानं सांगा."

मी उभा राहिलो. का उभा राहिलो ते माहीत नाही. चूक माझी होती, सुभद्राबाईंची नव्हती, असं मी एवढ्या जोरानं म्हणालो की खालून दवाखान्यातली कामिनी सिस्टर धावत वर आली. तिकडे कोणीतरी हसलं, कोणीतरी 'सांगतलं होतं ना' म्हणालं, आणि त्या सगळ्यांच्या वर सुभद्राबाईंचा आवाज आला, आता अजिबात न कापणारा: "चला वं, पाहून काय राहिल्या? पोते उतरवा." फोन बंद झाला.

मी वळून पाहिलं तर वंदनाताई चष्मा काढून बसल्या होत्या आणि पदर डोळ्यांना लावलेला होता. मी घाबरलो. इतक्या वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"काय झालं ताई?"

"काही नाही जी," त्या म्हणाल्या. पदर हलवला नाही. "बरं वाटून राहिलं. तिले कळलं, म्हणून लय बरं वाटून राहिलं."